मतदार यादी गावात वाचली पाहिजे

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आता भावाबद्दल बोलायचे नाही. कापसाचे आणि ज्वारीचे जे ठराव व्हायचे ते सकाळीच झाले. जेवणानंतर आमच्या वाट्याला मतदार यादी आली आहे. विषय कोरडा आहे, पण आपण सारे कोरडवाहूच आहोत, चालवून घ्या.

आधी हात वर करा. गेल्या वर्षभरात ज्याने आपला सातबारा पाहिला नाही असा कोणी आहे? नाही. आता दुसरा प्रश्न. आपल्या गावाची मतदार यादी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आयुष्यात एकदा तरी वाचली, असे किती? एवढ्या मोठ्या मांडवात हात फार दिसत नाहीत.

यात नवल नाही. सातबाऱ्यावर एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर आपण तलाठ्याचे दार झिजवतो. म्हातारा गेला की तेरावा व्हायच्या आत वारसनोंदीची गोष्ट निघते, कारण तिथे जमीन आहे. मतदार यादीतला म्हातारा मात्र दहा-पंधरा वर्षे जिवंत राहतो, दर निवडणुकीला त्याच्या नावाची चिठ्ठी घरी येते आणि आपण हसून ती ओट्यावर ठेवून देतो. लेक सासरी नांदते, तिची पोरे शाळेत जातात, पण माहेरच्या यादीत ती अजून बापाचे नाव लावून कुमारीच असते. याने आपले काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. काय बिघडते ते आधी सांगतो. यादी कशी तयार होते ते मागाहून.

ग्रामसभा घ्या. ग्रामसभा म्हणजे गावात राहणारी माणसे नव्हेत, यादीत नाव असलेली माणसे. राज्यघटनेतच तशी व्याख्या आहे. आपल्याकडे ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे लागतात. समजा यादीत ६०० नावे आहेत, तर ९० माणसे बसली पाहिजेत. त्यातली ६० नावे मेलेल्यांची आणि गाव सोडलेल्यांची असतील तर खरे मतदार ५४०, आणि ८१ पुरली असती. ८५ माणसे पारावर बसली आहेत, पण सभा तहकूब. तहकूब सभेला पुढे गणपूर्ती लागत नाही. मग सरपंच, ग्रामसेवक आणि चार जवळची माणसे बसून काय करतात, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दारूची बाटली हे याहून कडू उदाहरण आहे. आडवी बाटली, उभी बाटली हे इथल्या मायबहिणींना समजावून सांगायला नको. शासनाने २००८ साली घालून दिलेली पद्धत अशी की दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. झालेल्या मतांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या नावांच्या निम्मी. आता हिशेब करा. यादीत ४०० बायांची नावे, म्हणजे २०१ मते हवीत. त्यातल्या ७० जणी मेलेल्या, नाहीतर लग्न होऊन गेलेल्या. गावात प्रत्यक्ष ३३०. मतदानाला २६० आल्या, १९० जणींनी बाटली आडवी केली आणि ७० जणींनी उभी. १९० विरुद्ध ७०, आणि तरी दुकान चालूच राहते! यादी साफ असती तर ३३० पैकी १६६ मते पुरली असती. दुकानदाराला एकही मत विकत घ्यावे लागले नाही. सरणावर गेलेल्या म्हाताऱ्या आणि सासरी गेलेल्या पोरी, साऱ्याजणी त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या.

ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची यादी वेगळी तयार होते असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. यादी एकच, विधानसभेची. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या तारखेची विधानसभेची यादी उचलतो आणि तिचे वॉर्ड-प्रभाग पाडतो. त्याला नवे नाव घालता येत नाही की जुने काढता येत नाही. फक्त या वॉर्डातले नाव त्या वॉर्डात गेले असेल तर तेवढे दुरुस्त करता येते. २०२५ च्या डिसेंबरमध्ये नगर परिषदांसाठी मतदान झाले, त्याला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेले पोर डिसेंबरात केंद्रावर गेले असते तरी हात हलवत परत आले असते. म्हणजे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि मग नाव घालायला धावलो, तर उपयोग नाही.

इथून धागा पुढे बाजार समितीपर्यंत जातो. बाजार समितीच्या १८ संचालकांपैकी ११ सोसायट्यांकडून आणि ४ ग्रामपंचायतींकडून येतात. मत देतात ते सोसायटीचे पंच आणि ग्रामपंचायतीचे सदस्य. २०१७ साली कायदा बदलून किमान १० गुंठे जमीन असलेल्या आणि पाच वर्षांत तीनदा बाजार समितीत माल विकलेल्या शेतकऱ्याला थेट मत दिले होते. २०२० साली ते काढून घेतले आणि २०२३ च्या निवडणुका पुन्हा जुन्याच पद्धतीने झाल्या. कोणत्या सरकारने दिले आणि कोणत्या सरकारने काढले हा वाद इथे नको. लक्षात एवढेच घ्या की कापसाची गाडी ज्या काट्यावर उभी राहते तिथला कारभारी कोण, हे एका यादीवर ठरते आणि त्या यादीत गाडीवाल्याचे नाव नसते. तिथे जाणारा ग्रामपंचायत सदस्य तरी आपल्या खऱ्या मतांनी निवडून जावा, एवढे आज आपल्या हातात आहे.

आता यादी कशी बनते ते पाहू.

कायदा १९५० चा, लोकप्रतिनिधित्वाचा. त्याखालचे नियम १९६० चे. विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघाला एक मतदार नोंदणी अधिकारी असतो, आपल्याकडे बहुधा प्रांत. त्याच्या हाताखाली तहसीलदार. आणि सगळ्यात खाली, खरे काम करणारा, मतदान केंद्रावरचा बीएलओ. तो शाळेचा मास्तर असतो, अंगणवाडीची ताई असते, कुठे कोतवाल असतो. शाळा सांभाळून, पोषण आहार सांभाळून तो घरोघर फिरायचा असतो. सगळे फिरतात असे आम्ही म्हणणार नाही. ओट्यावर बसून, "अमक्याच्या घरी कोण वाढले?" असे शेजाऱ्याला विचारून भरलेले रकाने आम्ही पाहिले आहेत. पण सारा दोष त्याचा नाही. ज्या घरी तो जातो त्या घराला कुलूप असते, कारण घरातली माणसे रानात असतात.

दर वर्षी प्रारूप यादी लागते, त्यावर दावे आणि हरकती घेतात आणि मग अंतिम यादी. नवे नाव घालायचे तर नमुना ६, नाव काढायला किंवा हरकत घ्यायला नमुना ७, दुरुस्ती करायला आणि पत्ता बदलायला नमुना ८. शेतकऱ्याच्या कपाळी आठाचा आकडा फार: तलाठ्याकडे आठ-अ, ग्रामपंचायतीत घरपट्टीचा नमुना ८, आणि हा तिसरा. गोंधळ करू नका. शेतीच्या भाषेत सांगायचे तर नमुना ६ म्हणजे नांगे भरणे आणि नमुना ७ म्हणजे विरळणी. दोन्ही वेळेवर झाले तरच एकरी झाडांची संख्या बरोबर बसते. आपण नांगे थोडेफार भरतो, विरळणीला मात्र कोणी हात लावत नाही. बापाचे नाव आपल्या हाताने खोडायचे म्हणजे अपशकुन वाटतो. ते मन आम्ही समजू शकतो, पण ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला आपण आणलेलाच असतो. त्याची एक प्रत नमुना ७ ला लावली की झाले.

पूर्वी अठरा वर्षांचा हिशेब फक्त १ जानेवारीला होत असे. २०२२ पासून चार तारखा झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या पोराला आधीच अर्ज देऊन ठेवता येतो. राहण्याचा पुरावा म्हणून जमिनीचा उतारा चालतो, विजेचे बिल चालते, बँकेचे पासबुक चालते. ज्या भूमिहीन घरात यातले काहीच नाही, तिथे बीएलओने प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची असते. कागद नाही म्हणून दारातूनच परत पाठवायचे नसते.

आता बायांच्या नावांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण यादी सगळ्यात जास्त इथे बिघडते. देशाची पहिली निवडणूक १९५१-५२ ची. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. मतदार होते १७ कोटींच्या वर, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. याद्या तयार करताना लाखो बायांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहून घेतले गेले. आयोगाने सांगितले, बाईला स्वतःचे नाव आहे, ते लिहा. मुदत वाढवून दिली, तरी सुमारे २८ लाख बायांची नावे शेवटी यादीतून वगळावी लागली. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. आपल्याकडचे दुखणे वेगळे. आपल्याकडे लग्नात बाईचे मधले नाव जाते, आडनाव जाते आणि पुष्कळ घरांत पहिले नावसुद्धा तांदळात लिहून बदलतात. माहेरच्या यादीतली ती आणि सासरच्या रेशनकार्डावरची ती, यांचा कागदावर काही संबंधच उरत नाही. मग सासरी नमुना ६ भरून नवे नाव घालतात आणि माहेरचे तसेच राहते. एका बाईची दोन नावे झाली. कायद्याने एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी असू शकते. दोन्हीकडे जाणूनबुजून ठेवणे आणि अर्जावर खोटे लिहून देणे हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरळ रस्ता असा की सासरी गेल्यावर नमुना ६ भरायचा नाही, नमुना ८ भरायचा. त्याने जुने नाव तिकडून निघते आणि इकडे येते, ओळखपत्राचा क्रमांकही तोच राहतो.

दुसरे दुखणे गाव सोडून मजुरीला जाणाऱ्यांचे. बीडकडचे भाऊ इथे बसले आहेत. दसरा-दिवाळी झाली की कोयते घेऊन निम्मा तांडा कारखान्याकडे निघतो. यादीच्या वार्षिक दुरुस्तीचे दिवसही बहुधा तेच. आपल्याकडे वेचणी चालू, तिकडे टोळ्या निघालेल्या, आणि नेमकी त्याच दिवसांत शाळेच्या भिंतीवर प्रारूप यादी लागते. बीएलओ खोपटासमोर उभा राहतो, कुलूप पाहतो आणि 'स्थलांतरित' असा शेरा मारतो. हा शेरा चूक आहे. १९५० च्या कायद्याचे कलम २० स्पष्ट सांगते की तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणूस तिथला रहिवासी राहत नाही असे होत नाही. सहा महिने ऊस तोडून मिरगाच्या आत घरी येणारा माणूस या गावचाच मतदार आहे. उलट हेही त्याच कलमात आहे की गावात नुसते घर मालकीचे आहे एवढ्यावर कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. पुण्यात कायम राहणारे, तिथेच पोरे शिकवणारे आणि मतदानाला मात्र गाडी भरून गावी येणारे आपले भाऊबंद पुष्कळ आहेत. पाहुणे म्हणून यावेत, पुरणपोळी खावी, पण सरपंच कोण हे इथे राहणाऱ्याला ठरवू द्यावे.

नाव काढण्याची रीत समजून घ्या. कोणाचे नाव गाव सोडले म्हणून काढायचे असेल तर त्याला आधी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. फेरफाराच्या आधी नमुना ९ ची नोटीस येते, तसेच हे. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे त्याला सुनावणी न देता झटक्यात बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लाल बाबू हुसेन यांच्या प्रकरणात सांगितले आहे. निर्णय विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे अपील, तिथेही नाही झाले तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. आधार क्रमांक दिला नाही एवढ्या कारणावरून नाव काढता येत नाही, हेही कायद्यातच लिहिले आहे.

हे सारे आज का सांगतो? कारण यादीची हातचलाखी आता कपाशीच्या मुलखात आली आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातले राजुरा घ्या. २०२४ च्या विधानसभेआधी तिथे नव्या नावांसाठी ऑनलाइन अर्जांचा लोंढा आला. तपासणीत सहा हजारांहून अधिक अर्ज खोटे निघाले, ते नाकारले गेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. सीमेपलीकडे कलबुर्गीकडच्या आळंद मतदारसंघात याच्या उलट झाले. २०२३ च्या निवडणुकीआधी नावे काढण्यासाठी सहा हजारांवर अर्ज आले. पडताळले तेव्हा खरे निघाले फक्त २४. बाकीचे ज्यांच्या नावाने भरले होते त्यांना पत्ताही नव्हता. दोन्ही ठिकाणी खालच्या पातळीवर कोणीतरी यादी डोळे उघडे ठेवून पाहिली म्हणून ते सापडले. जिथे कोणी पाहिले नाही तिथे काय झाले, हे आम्ही कशाच्या आधारावर सांगणार? २०२४ च्या लोकसभेपासून विधानसभेपर्यंत महाराष्ट्राच्या यादीत निव्वळ ४० लाखांच्या वर नावे वाढली. विरोधी पक्ष म्हणतात घोटाळा, आयोग म्हणतो रीतसर नोंदणी. हरलेला पक्ष यादीला दोष देतो आणि जिंकलेला तिचे गुण गातो, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. आपल्या गावाच्या यादीपुरते खरे-खोटे मात्र मुंबई-दिल्लीला ठरत नाही. ते तुम्हाला अर्ध्या दिवसात ठरवता येते.

बिहारात २०२५ साली विशेष सखोल पुनरीक्षण झाले. घरोघर गणनेचे फॉर्म दिले आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे आलीच नाहीत. आयोगाचा हिशेब असा: २२ लाख मेलेले, ३६ लाख गाव सोडलेले किंवा न सापडलेले, ७ लाख दुबार. ही नावे कारणासह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला द्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुढच्या १२ राज्यांची आणि केंद्रशासित प्रदेशांची घोषणा झाली. त्यात गोवा होता, महाराष्ट्र नव्हता. जुन्या यादीतले नाव दाखवा, हा त्यात कळीचा मुद्दा असतो, आणि जुनी म्हणजे बहुतेक राज्यांत २००२ ते २००४ च्या सुमाराची. तेव्हा आपल्या घराची जुनी पाने शोधून ठेवा. सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे हरवणार नाहीत.

यादी पाहायची कशी? शेतात आपण पूर्ण वावर मोजत नाही, चार ठिकाणी चौरस टाकून बोंडे मोजतो. तसेच करा. तहसीलमधून किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाची यादी काढा. आधी शेवटचे पान पाहा. तिथे पुरुष किती, बाया किती, नवी नावे किती, वगळलेली किती याचा गोषवारा असतो. बायांचा आकडा पुरुषांपेक्षा फार कमी असला तर सुना राहिल्या आहेत असे समजा. मग अठरा-एकोणीस वयाची नावे मोजा आणि शाळेच्या मास्तरला विचारा, दोन वर्षांपूर्वी दहावीला किती पोरे होती? वगळलेल्या नावापुढे इंग्रजी अक्षर असते. ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार. 'ई' लिहिलेला माणूस तुमच्या शेजारी बसून तंबाखू मळत असेल तर लगेच नमुना ६ भरून घ्या. घर क्रमांकाच्या रकान्यात एकाच घरात वीस-पंचवीस नावे दिसली, किंवा नुसते शून्य दिसले, तर त्या घराचा शोध घ्या. मग पारावर, चावडीवर यादी मोठ्याने वाचा. दोन तास लागतात. मेलेल्याचे नाव आले की पोरे हसतात, म्हातारे गप्प होतात. पण कोण गावात आहे आणि कोण नाही, हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

ओळखपत्राबद्दल एकच. खिशात कार्ड आहे म्हणजे मत आहे असे नाही. मत यादीवर आहे, कार्ड फक्त चेहरा दाखवायला. कार्ड असून यादीत नाव नाही तर मत नाही. नाव आहे आणि कार्ड हरवले तर दुसरे ओळखीचे कागद चालतात. तुमच्या आधी कोणी तुमच्या नावावर मत टाकून गेला असेल तर भांडण करून घरी येऊ नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा, ते कागदी मतपत्रिकेवर वेगळे घेतात. ते एरवी मोजत नाहीत, पण प्रकरण न्यायालयात गेले तर तोच पुरावा. आणि तोतया समोर दिसला तर मतदान प्रतिनिधीने २ रुपये भरून त्याच्यावर आक्षेप घ्यायचा असतो. निवडणुकीच्या दिवशी वाटणाऱ्या पैशांतले दोन रुपये तरी या कामाला लागोत!

एका मायबहिणीने चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो. "नवऱ्याने टाकले, चार वर्षे माहेरी आहे. नाव सासरच्या यादीत. भाऊ म्हणतो, इथे नाव घातले तर तिकडचा हक्क जाईल. काय करू?" बाई, यादीतल्या नावाचा आणि सासरच्या जमिनीतल्या, पोटगीतल्या हक्काचा काही संबंध नाही. तो दावा वेगळा आणि तो तसाच राहतो. तुम्ही राहता माहेरी, म्हणून मत माहेरी. नमुना ८ भरा. नात्याच्या रकान्यात नवऱ्याचेच नाव हवे असे नाही, बापाचे किंवा आईचे चालते. नवऱ्याची सही लागत नाही, भावाचीही नाही. राहण्याचा पुरावा तुमच्या नावावर नसेल तर बीएलओला घरी येऊन खात्री करायला सांगा. कोरे नमुने आम्ही सोबत आणले आहेत. सत्र संपले की मांडवाच्या डाव्या खांबाजवळ या, तिथे आपल्या कार्यकर्त्या बहिणी बसल्या आहेत, आजच भरून देतील.